जिवंत परतलेला सैनिक आणि आपले युद्धपट

१९७१ च्या भारत-पाक युद्धात राजस्थानच्या सीमेवर झालेल्या लोंगेवालाच्या लढाईत भारताच्या बाजूचे दोन जवान धारातीर्थी पडले. ही संख्या सांगितली की समोरच्याचा चेहरा साशंक होतो, कारण १९९७ साली आलेल्या ‘बॉर्डर’ चित्रपटामुळे ती लढाई आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढे वेगळीच उभी राहिली आहे. त्या चित्रपटात मुख्य व्यक्तिरेखांपैकी बहुतेक जण एकामागून एक मरतात, शेवटी धुराने काळवंडलेल्या वाळूत मृतदेहच मृतदेह दिसतात, आणि प्रेक्षक जड पावलांनी घरी जातो. मी स्वतः तो चित्रपट अनेकदा पाहिला आहे, त्यातील गाणी मला आजही हलवून सोडतात, आणि जे. पी. दत्ता यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरीही युद्धपटांतील वास्तवाचा विषय निघाला की मला आधी या दोन आकड्यांमधले अंतर आठवते: पडद्यावर मेलेले आणि प्रत्यक्षात मेलेले.

प्रत्यक्षात काय घडले, ते पाहू. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या नेतृत्वाखाली २३ पंजाब पलटणीच्या ‘ए’ कंपनीचे सुमारे १२० जवान त्या चौकीवर होते. त्यांच्यावर दोन हजारांहून अधिक पाकिस्तानी सैनिक आणि चाळीसच्या वर रणगाडे चालून आले. जैसलमेरच्या तळावर वायुदलाची हंटर ही लढाऊ विमाने होती, पण त्यांच्यात रात्री लढण्याची सोय नव्हती. त्यामुळे पहाटेपर्यंत चौकी टिकवून धरणे एवढेच चांदपुरींच्या हाती होते. त्यांनी रणगाडे अगदी जवळ येईपर्यंत गोळीबार रोखून धरला. जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस (रणगाडाविरोधी) तोफेने रणगाडे टिपले गेले आणि रणगाड्यांवर बांधलेल्या इंधनाच्या डब्यांनी पेट घेतल्यावर उजेडात पुढची लक्ष्ये दिसू लागली. चौकीभोवती घाईघाईने पसरलेल्या काटेरी तारा पाहून शत्रूला वाटले की पुढे सुरुंग पेरलेले आहेत. त्या नसलेल्या सुरुंगांचा शोध घेण्यात त्यांचा मोलाचा वेळ गेला, वाट सोडून बाजूने जाऊ पाहणारे रणगाडे मऊ वाळूत रुतले, आणि उजाडताच हंटर विमानांनी उघड्या वाळवंटात अडकलेल्या रणगाड्यांचा फडशा पाडला. तीसहून अधिक रणगाडे नष्ट झाले किंवा शत्रूने ते तिथेच सोडून दिले. या यशात पायदळाचा वाटा किती आणि वायुदलाचा किती, यावर पुढे निवृत्त अधिकाऱ्यांमध्ये कडवा वादही झाला.

माझ्या मते ही कथा पडद्यावरच्या कथेपेक्षा अधिक थरारक आहे. इतक्या विषम लढाईत एक कंपनी संयमाने, कौशल्याने आणि थोड्या नशिबाने जवळजवळ शाबूत राहते, यापेक्षा मोठा पराक्रम कोणता? परंतु चित्रपटाला तो पुरेसा वाटला नाही. सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड त्या रात्री लढले, जगले, त्यांना सेना पदक मिळाले आणि डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूर येथे वृद्धापकाळी त्यांचे निधन झाले. चित्रपटातील भैरोसिंग मात्र लढाईतच प्राण सोडतो. सीमेवर गस्त घालताना रणगाड्यांची घरघर ज्यांनी सर्वांत आधी ऐकली त्या धरमवीर यांच्या वाट्यालाही पडद्यावर तेच आले. हयात असलेल्या माणसाने आपल्याच नावाच्या पात्राचा अंत्यसंस्कार पाहावा, ही गोष्ट आपल्याला खटकत नाही. कारण सैनिकाच्या शौर्याचा पुरावा म्हणून मृत्यू लागतोच, हे आपण मनोमन मान्य करून बसलो आहोत.

कारगिलच्या युद्धात चार जणांना परमवीर चक्र मिळाले. त्यांपैकी कॅप्टन मनोज पांडे आणि कॅप्टन विक्रम बत्रा हे धारातीर्थी पडले. योगेंद्रसिंह यादव आणि संजय कुमार हे दोघे जिवंत परतले. त्यांतही यादव यांची हकीकत विलक्षण आहे. टायगर हिलच्या कड्यावर चढताना आणि चढल्यावर त्यांच्या अंगात अनेक गोळ्या शिरल्या, वय अवघे १९ वर्षांचे होते, आणि त्यांचा सन्मान जाहीर झाला तो मरणोत्तर म्हणून. प्रत्यक्षात ते रुग्णालयात उपचार घेत होते. नावाच्या सारखेपणामुळे घोटाळा झाला होता. ही चूक कागदोपत्री होती आणि ती लवकर दुरुस्त झाली. चित्रपटांनी मात्र तशीच चूक वर्षानुवर्षे केली आणि ती दुरुस्त करावी असे कोणाला वाटले नाही.

मृत्यू दाखवूच नये, असे माझे म्हणणे नाही. चीनविरुद्धच्या युद्धात लडाखमधील रेझांग लाच्या लढाईत, १८ नोव्हेंबर १९६२ रोजी, मेजर शैतानसिंग यांच्या १३ कुमाऊँच्या कंपनीतील सुमारे १२० पैकी ११० हून अधिक जवान मारले गेले आणि पुढच्या वर्षी बर्फ उतरल्यावर त्यांचे गोठलेले देह मोर्चांमध्ये शस्त्रांसह सापडले. तिथे मृत्यू हीच घटना आहे. चेतन आनंद यांनी १९६४ साली ‘हकीकत’मध्ये लडाखच्या उंचीवर जाऊन त्या युद्धाचे दुःख टिपले, तेव्हा शेवटच्या गाण्यात मेलेले जवान देशाशी बोलतात, आणि ते खोटे वाटत नाही. पराभवातून आलेल्या देशाला त्या वेळी तेच बोलायचे होते. परंतु पराभवाच्या चित्रपटाचा साचा पुढे विजयाच्या कथांनाही लावला गेला, हे माझे दुखणे आहे.

आता वास्तवाची दुसरी बाजू पाहू, जिच्याविषयी लोक अधिक बोलतात: स्फोट, रक्त, गोळ्या, धूर. एखादा युद्धपट ‘अगदी खराखुरा’ आहे असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा त्यात आगीचे लोळ मोठे असतात. वास्तविक तोफगोळा फुटतो तेव्हा पेट्रोलसारखी नारिंगी ज्वाळा उसळत नाही. क्षणभर लखलखाट होतो, मग करड्या मातीचा आणि धुराचा लोट उठतो, आणि माणसे मरतात ती न दिसणाऱ्या लोखंडी तुकड्यांनी. दोन्ही महायुद्धांत सर्वाधिक माणसे तोफा आणि उखळी तोफांनी मारली किंवा जायबंदी केली. पडद्यावर मात्र मारतो तो समोर दिसणारा बंदूकधारी शत्रू, कारण तोफगोळ्याला चेहरा नसतो आणि नायकाला सूड घ्यायला चेहरा लागतो. आवाजाचेही तसेच आहे. एक किलोमीटर अंतरावरच्या तोफेचा लखलखाट दिसल्यावर आवाज यायला जवळजवळ तीन सेकंद लागतात, तर चित्रपटात दोन्ही एकाच क्षणी घडतात. जवळून जाणाऱ्या गोळीचा कडाडणारा आवाज आधी येतो आणि ती सुटल्याचा आवाज मागाहून, त्यामुळे गोळी नेमकी कुठून आली हे कळणेच अवघड असते. हा गोंधळ, ही दिशाहीनता पडद्यावर फार क्वचित येते.

मराठा लाईट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले माझे एक मामा टीव्हीवर युद्धपट लागला की शांतपणे पाहतात आणि एकाच गोष्टीवर चिडतात. “ही काय मिरवणूक आहे का? एवढं चिकटून चालल्यावर एका बर्स्टमध्ये सगळे जातील की!” असे ते दर वेळी म्हणतात. शत्रूच्या टप्प्यात आलेल्या सेक्शनने, म्हणजे पायदळाच्या छोट्या तुकडीने, माणसामाणसांत चांगले अंतर ठेवून चालायचे, हा पायदळाचा पहिला धडा. कॅमेऱ्याची चौकट मात्र अरुंद असते, तिच्यात सहा चेहरे बसवायचे असतात, म्हणून सहा जवान खांद्याला खांदा लावून धावतात. हेल्मेट किंवा पटका उतरतो तोही चेहरा दिसावा म्हणून. इशाऱ्यांनी होणारे बोलणे आरोळ्यांनी होते, कारण संवाद ऐकू जायला हवेत. यातले प्रत्येक कारण निर्मात्याच्या बाजूने समजण्यासारखे आहे. मात्र ती सगळी एकत्र आली की लढाई म्हणजे धावणे, ओरडणे आणि ट्रिगर दाबून ठेवणे, एवढेच प्रेक्षकाच्या मनावर ठसते.

ट्रिगर दाबून ठेवण्यावरून मला नाईक यशवंत घाडगे आठवतात. एके-४७ च्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या असतात आणि ती सलग चालवली तर सुमारे तीन सेकंदांत रिकामी होते; पडद्यावर ती मिनिटभर चालते. घाडगे रायगड जिल्ह्यातील माणगाव परिसरातले, पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटेच त्या मशीनगनवर चालून गेले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, एकाला गोळी घातली, आणि मग बंदूक रिकामी झाली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने ठेचून मारले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळाले आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे. संपूर्ण घटना त्या एका रिकाम्या मॅगझिनभोवती फिरते. ज्या चित्रपटात गोळ्या संपतच नाहीत, त्यात घाडगेंचा पराक्रम दाखवताच येणार नाही, कारण तिथे तो घडण्याचे कारणच उरत नाही. तपशिलातील अचूकपणा हा केवळ हौशी लोकांचा हट्ट नव्हे, असे मी म्हणतो ते यासाठी. शस्त्राच्या मर्यादा पुसल्या की माणसाचे धैर्यही पुसले जाते.

युद्धाचे चित्रण करताना बनवाबनवी करण्याची परंपरा तशी जुनी आहे. १९१६ साली ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धातील सोमच्या लढाईवरचा माहितीपट लढाई चालू असतानाच प्रदर्शित झाला आणि कोट्यवधी लोकांनी तो पाहिला. त्यातील जखमी, कैदी आणि मृतदेह खरे होते. परंतु ज्या दृश्याने प्रेक्षागृहांत हुंदके फुटले, ते खंदकातून वर चढून धावणाऱ्या आणि कोसळणाऱ्या सैनिकांचे दृश्य आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या जागेवर मुद्दाम घडवून चित्रित केलेले होते. १ जुलै १९१६ या एका दिवशी ब्रिटिश सैन्याचे १९ हजारांहून अधिक सैनिक मारले गेले होते, आणि तरी त्या दिवसाची प्रतिमा म्हणून जगाने स्वीकारली ती रचलेली दृश्येच. याचे कारण साधे आहे: त्या काळचा अवजड, हाताने फिरवायचा कॅमेरा खऱ्या हल्ल्यात पुढे नेणे अशक्यप्राय होते.

‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ या १९९८ च्या चित्रपटाचा उल्लेख या विषयात टाळता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या ओमाहा किनाऱ्यावर झालेल्या हल्ल्याची त्याची सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटे आयर्लंडच्या वेक्सफर्ड किनाऱ्यावर चित्रित झाली. निवृत्त मरीन अधिकारी डेल डाय यांनी कलाकारांना आधी चिखलात राबवले होते. हातपाय गमावलेल्या माणसांना घेऊन जखमींची दृश्ये रचली होती, आणि हे दृश्य पाहून अमेरिकेतील अनेक वृद्ध सैनिकांना इतका त्रास झाला की त्यांच्यासाठी समुपदेशनाची दूरध्वनी सेवा ठेवावी लागली. त्यातही चुका आहेत. उदाहरणार्थ, रायफलची वेगवान गोळी पाण्यात शिरल्यावर मीटरभरातच बळ गमावते, त्यामुळे खोल पाण्याखाली गोळ्यांनी मरणारे सैनिक हा कल्पनेचा भाग आहे. मला ती चूक मोठी वाटत नाही. त्या मिनिटांत दिग्दर्शकाने एक खरी गोष्ट पकडली: तिथल्या सैनिकाला काहीच दिसत नाही, कानांत बधिरता भरते, शेजारचा माणूस कारणाशिवाय मरतो आणि आपण कारणाशिवाय वाचतो. पुढे मात्र तोच चित्रपट पुलाच्या लढाईपर्यंत येता येता ओळखीच्या वाटेला लागतो. कोणाच्या मरणाने काय साधले, याचा हिशेब लागू लागतो आणि मरणे अर्थपूर्ण होतात. पहिल्या भागाचे भय त्या हिशेबात विरून जाते.

याउलट १९८५ सालचा ‘कम अँड सी’ हा सोव्हिएत चित्रपट शेवटपर्यंत हिशेब लावत नाही. बेलारूसमध्ये जर्मनांनी शेकडो गावे माणसांसकट जाळली. एलेम क्लिमोव्ह यांनी ती शोकांतिका एका पोरगेल्या मुलाच्या चेहऱ्यावर दाखवली आहे, आणि चित्रपट संपेपर्यंत तो चेहरा म्हाताऱ्याचा होतो. मी तो एकदाच पाहिला आणि पुन्हा पाहण्याची माझी तयारी नाही. वोल्फगांग पीटरसन यांचा पाणबुडीवरचा ‘दास बूट’ त्याहून सुसह्य आहे, पण त्याने वाट पाहणे ही गोष्ट जितकी प्रामाणिकपणे दाखवली तितकी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. दिवसेंदिवस काहीच घडत नाही, अन्नाला बुरशी येते, माणसे एकमेकांच्या तोंडाला कंटाळतात, आणि मग अचानक सारे काही एकदम घडते.

वाट पाहणे आणि वजन वाहणे, या दोन गोष्टींनी सैनिकाचे बहुतेक आयुष्य भरलेले असते आणि याच दोन गोष्टी आमच्या चित्रपटांत सर्वांत कमी येतात. कारगिलच्या लढाया साधारण १६ हजार फूट उंचीवर झाल्या. त्या उंचीवर हवेतील प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो, त्यामुळे पाठीवर दारूगोळा घेऊन चढणारा जवान काही पावलांवर थांबतो, धापा टाकतो, पुन्हा चढतो. चढाई रात्री होते, कारण दिवसा वरून प्रत्येक हालचाल दिसते. आधी उंचीची सवय होण्यासाठी दिवस घालवावे लागतात. वर लढणाऱ्या एकेका माणसामागे अन्न, पाणी आणि गोळ्या पोहोचवणारे आणि जखमींना खांद्यावरून खाली आणणारे कितीतरी हात लागतात. बोफोर्स तोफांच्या माऱ्याखेरीज त्या शिखरांवर पाऊल ठेवणे कठीण होते. पडद्यावर मात्र नायक कडा चढून गेल्यावर पुरा श्वास घेऊन दोन वाक्यांचा संवाद म्हणतो आणि धावत सुटतो. ज्यांनी तो कडा खरोखर चढला, त्यांच्या फुप्फुसांचा हा अपमान आहे, असे मला मनापासून वाटते. एखाद्या दिग्दर्शकाने त्या चढाईतील धापांनाच दहा मिनिटे दिली, तर प्रेक्षक उठून जातील ही भीती मला पटत नाही. कंटाळा आणि ताण यांत फरक असतो आणि आपला प्रेक्षक तो ओळखतो.

अर्थात चित्रपट केवळ दिग्दर्शकाच्या इच्छेने घडत नाही. रणगाडे, विमाने, छावण्या आणि जवानांची मदत हवी असेल तर संरक्षण मंत्रालयाची परवानगी लागते आणि त्यासाठी पटकथा दाखवावी लागते. लष्करावर आधारित कथांना प्रदर्शनापूर्वी ना हरकत प्रमाणपत्र घ्यायला सांगावे, असे मंत्रालयाने २०२० मध्ये सेन्सॉर बोर्डाला कळवले होते. अमेरिकेतही संरक्षण खाते साहित्य देते आणि त्या बदल्यात पटकथेत बदल सुचवते. मदत न मिळाल्यास काय होते, याचे उदाहरण ‘अपोकॅलिप्स नाऊ’च्या चित्रीकरणात दिसले: फिलिपिन्सच्या लष्कराकडून भाड्याने घेतलेली हेलिकॉप्टरे खऱ्या बंडखोरांशी लढायला मध्येच निघून जात. लष्कराची बदनामी होऊ नये ही काळजी मला समजते. तथापि, घाबरलेला, चुकलेला, परत आल्यावर झोप न लागणारा जवान दाखवणे म्हणजे बदनामी, असे जर कोणी मानत असेल तर मी त्याच्याशी सहमत नाही. माझे मामा रात्री फटाक्यांच्या आवाजाने आजही उठून बसतात, आणि त्यामुळे त्यांच्याबद्दलचा माझा आदर रतिभरही कमी झालेला नाही.

पुण्यात राहणाऱ्यांना युद्धानंतरचे सैनिक शोधायला लांब जावे लागत नाही. वानवडीतील कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून काम करीत आहे, आणि मणक्याला इजा होऊन चाकाच्या खुर्चीवर आलेले जवान खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये वर्षानुवर्षे राहतात, काम करतात, खेळतात. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंग झाले, उपचाराचा भाग म्हणून पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली आणि त्यांच्यावर मोठा हिंदी चित्रपट निघाला २०२४ साली. त्या चित्रपटात युद्ध थोडाच वेळ आहे आणि युद्धाने शरीरावर केलेला परिणाम पुष्कळ वेळ आहे, हे प्रमाण मला योग्य वाटले.

आणखी एक चित्रपट कोणी तरी करावा, अशी माझी इच्छा आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचे शिपाई नामदेव जाधव हे पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये निरोप्या म्हणून काम करीत होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनियो नदी ओलांडताना त्यांच्यासोबतची छोटी तुकडी जवळजवळ संपली. त्यांनी दोन जखमी सोबत्यांना, एकानंतर एक, खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून वाहून सुरक्षित जागी नेले. मग ते परत फिरले आणि हाताला जखम होऊन बंदूक चालवता येईना तेव्हा हातबॉम्ब घेऊन त्यांनी तीन मशीनगनचे मोर्चे बंद पाडले. शेवटी बांधावर उभे राहून मराठ्यांची आरोळी ठोकत त्यांनी मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते घरी परतले आणि १९८४ पर्यंत जगले. यात दोन माणसे वाचवण्याचा प्रसंग आधी येतो आणि मारण्याचा नंतर. या घटनेत भर घालण्यासारखे काही नाही. फक्त नदीचे पाणी, बांधाची चढण आणि पाठीवरच्या माणसाचे वजन खरे दाखवावे लागेल, आणि शेवटी जाधवांना मारण्याचा मोह टाळावा लागेल.